देवळालीचा वाद राहूनच गेला

समस्त नागपूरकर, नरखेड तालुक्यातील तमाम संत्रा बागायतदार आणि सीताबर्डीतील कापड व्यापारी यांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, इंग्रजी भाषेने आजतागायत नागपूरची दखल घेतलेली नाही. कापडाला कालिकत घेतलं, विजारीला जोधपूर घेतलं, लोकरीला काश्मीर घेतलं, चौकड्यांना मद्रास घेतलं. नागपूर घेतलं नाही. ही गोष्ट मनाला लावून घेणारा या शहरात एकच माणूस होता. तो मंगळवारी दुपारी गेला. आता लावून घेणारं कोणी उरलेलं नाही. सबब, सर्वांनी आपापल्या कामाला लागावं.

सुधाकर, हा मजकूर मी खरंच लिहिला होता. पेपरात द्यायचा होता. मग मंदावहिनींनी दिलेली सूचना छापून आली, तुझा चष्म्यातला फोटो, खाली नाव, घाटाची वेळ. मी माझा कागद घडी करून गल्ल्याखाली सरकवला. एरवी असली टवाळी लिहिली की पहिल्यांदा तुला वाचून दाखवायचो. तू एक शब्द खोडायचास आणि म्हणायचास, "आता बरं हाय." कोणता शब्द खोडला असतास, हे आठ दिवस शोधतो आहे. सापडत नाही. शटर वर करतानाच दिवस संपल्यासारखा वाटतो. गिऱ्हाईक आलं की उठायचा कंटाळा, गेलं की बसायचा कंटाळा.

एकाच गावातून, एकाच एसटीने आपण नागपूरला शिकायला आलो. तू इंग्रजी घेतलंस आणि ज्युनियर कॉलेजात मास्तर झालास. मी बारावीत दोनदा आपटलो आणि बर्डीत मामाच्या कापडदुकानात बसलो. दुकान पुढे माझं झालं. कॉलेज सुटलं की तू घरी जायच्या आधी माझ्याकडे यायचास, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचास, आणि गिऱ्हाइकांच्या मध्ये तोंड घालायचास. डेनिम मागायला आलेल्या पोराला तू सांगितलंस, "हे फ्रान्सातल्या नीम नावाच्या गावाचं कापड हाय, माहीत हाय का?" पोरगं म्हणालं, "काका, बत्तीस कंबर दाखवा." मी हसून लोळलो. तू मात्र हसला नाहीस. तू माझ्या मागच्या कप्प्यांकडे बघत होतास, जणू पहिल्यांदाच बघतो आहेस.

त्या दिवसापासून आपला खेळ सुरू झाला. जीन्स म्हणजे जिनोआ. मसलिन, आपली मलमल, म्हणजे मोसूल. डमास्क म्हणजे दमास्कस. डंगरी म्हणजे, घ्या, आपल्या मुंबईची डोंगरी! तू बोट नाचवत म्हणायचास, "बबन, तू दुकानात नाही बसून राहिला, तू नकाशावर बसून राहिला." मला ते फार आवडलं होतं. चार लोकांना मी ते माझंच वाक्य म्हणून सांगितलं. आता कबूल करायला हरकत नाही.

पण हे होतं कसं, गावाचं नाव परक्या भाषेत शिरतं कसं, ते मी तुला दाखवलं, हे श्रेय मात्र माझं. त्या दुपारी दिवाळीची गर्दी होती. मी माळ्यावर बसलेल्या धाकट्या भावाला ओरडलो, "वरून दोन इचलकरंजी टाक, एक भागलपुरी टाक, अन् ते मागचं मालेगाव खाली घे!" तू स्टुलावरून उठलास.

"काय म्हणाला तू आता?"

"काय म्हणालो?"

"तू कधी गेला होता काय बे इचलकरंजीले?"

"मी काहून जाऊ? माल येते ना तिकून."

"अबे, हेच तर!" तू एवढ्या जोरात टाळी वाजवलीस की एक बाई पिशवी सावरून बाहेर गेली. "गाव भाषेत कोण नेते? गावातला माणूस नाही नेत. ज्यानं गाव पाहिलंच नाही, तो नेते. गोदीतला कारकून गठ्ठ्यावर गावाचं नाव लिहिते, दुकानदार तेच ओरडते, अन् बाई म्हणते, मले दोन वार कालिकत द्या. झालं! गाव तिकडंच राहिलं, अन् नाव निघून गेलं."

पुढे तू त्याला नियमच करून टाकलास. इंग्रजीत गावाचं पहिलं अक्षर मोठं लिहितात. ज्या दिवशी ते लहान होतं, त्या दिवशी गाव फेटा काढून घरात शिरलं, असं समजायचं. नागपूरचा फेटा कधी उतरेल, यावर आपण किती उन्हाळे घालवले! नागपूर हा शब्द इंग्रजीत गेला तर त्याचा अर्थ काय होईल? मी म्हणायचो, सगळ्यांच्या मधोमध असणं आणि कोणाच्याच लक्षात नसणं. तू म्हणायचास, सेहेचाळीस अंशात उभं राहून "आज जरा हवा सुटली" असं म्हणणं. एकदा तू म्हणालास, "एखाद्याच्या घरी सहज म्हणून जाणं अन् जेवल्याशिवाय सुटका न होणं." मी म्हणालो, यासाठी इंग्रजांना शब्द लागणारच नाही, ते बोलावल्याशिवाय जातच नाहीत.

आणि मग तू देवळाली आणलीस.

किती रागात आला होतास त्या दिवशी! छत्री बाहेर झटकायचंही भान नव्हतं. इंग्रजीत डुलाली असा शब्द आहे, म्हणालास, आणि तो नाशिकजवळच्या आपल्या देवळालीवरून गेला आहे. गोऱ्या सैनिकांची तिथे छावणी होती. नोकरीची मुदत संपली की त्यांना तिथे आणून ठेवायचे, जहाज मिळेपर्यंत. महिनोन् महिने जहाज नाही, काम नाही, घर समुद्रापलीकडे. ऊन, ताप, रिकामपण. त्यात काहींची डोकी फिरायची. म्हणून डुलाली म्हणजे येडा, डोक्यानं गेलेला. आजही बोलतात.

मी गल्ल्यावरून जवळजवळ उडी मारली. "सुध्या, मराठी गाव इंग्रजीत! पेढे सांगू का?"

"पेढे कशाचे बे? लोक देवळालीले हवापालटाले जातात. छाती भरून श्वास घ्यायले जातात. अन् यांनी तिचा अर्थ येडा करून टाकला! गावाले कोणी विचारलं?"

"कालिकतले तरी कोणी विचारलं होतं?"

"कालिकतचं कापड झालं. देवळालीची शिवी झाली. फरक हाय ना गा."

"नाव तर झालं ना! आपल्या नागपूरचं शिवी म्हणून का होईना, होऊ दे म्हणतो मी."

तू दोन दिवस आला नाहीस. तिसऱ्या दिवशी आलास आणि वाद जिथे सोडला होता तिथूनच उचललास. एवढी वर्षं आपण तो वाद पुरवून पुरवून खाल्ला. मी म्हणायचो नाव मोठं, तू म्हणायचास न्याय मोठा. मला आत कुठेतरी ठाऊक होतं की तू बरोबर आहेस. पण तू बरोबर आहेस असं कबूल केलं तर उद्या बोलणार काय, म्हणून मी हरलो नाही.

एक गोष्ट तुला कधी नीट बोललो नाही. माझे वडील गेले तेव्हा मी गावी अडकलो होतो आणि भाऊ माझ्याबरोबरच होता. ऐन लग्नसराई. तू कॉलेजातून रजा टाकलीस आणि दिवस होईपर्यंत रोज माझं दुकान उघडून बसलास. तुला मीटर धरता येत नव्हता, कैची उलटी धरायचास. शेजारचे दुकानदार नंतर मला सांगत होते की एक बाई मलमल घ्यायला आली, आणि मोसूल शहर कुठे आहे, तिथली नदी कोणती, हे अर्धा तास ऐकून मलमल न घेताच गेली. पण जाताना म्हणाली म्हणे, "सर, फार छान सांगितलं." मी आल्यावर तू किल्ली हातात दिलीस आणि म्हणालास, "काही विकलं गेलं नाही, पण दुकान बंद नव्हतं." मी काय म्हणालो? मी म्हणालो, "कैची कुठं ठेवली बे?" एवढंच म्हणालो.

आता त्या दिवसाचं लिहितो. ते टाळत टाळत इथवर आलो आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आपली शाळेची सारी बॅच गावाजवळच्या संत्र्याच्या बागेत जमली होती. मौद्याच्या वीज केंद्रात नोकरी करणारा प्रल्हादही आला होता. जेवणं झाली, सतरंज्या पसरल्या, आणि सगळे ओरडायला लागले, "बबन्या, उभा हो!" मी कशाला नाही म्हणतो? उभा झालो. मास्तरांच्या नकला झाल्या, विहिरीत पडलेल्या सायकलीचा किस्सा झाला. टाळ्या वाढत होत्या. टाळ्या वाढल्या की मला पुढचं काही दिसत नाही. मग मी तुझा किस्सा काढला. पंधराच दिवसांपूर्वीचा. तू सुभाषनगरहून मेट्रोत बसलास, बर्डीला उतरायचं विसरलास, आणि थेट प्रजापतीनगरहून, लाइनीच्या टोकावरून, मला फोन केलास, "बबन, तुह्यं दुकान कुठं गेलं बे?"

लोक हसून आडवे पडले. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझ्याकडे एक शब्द होता, तू मला दिलेला. मी अख्खी देवळाली उभी केली. छावणी, ऊन, लाल तोंडाचे सोजीर, न येणारं जहाज, मी स्वतः कपाळावर हात ठेवून डोलत चालून दाखवलं. आणि शेवटी तुझ्याकडे बोट केलं, "तर मित्रांनो, आपला सुधाकर डुलाली झाला!"

सगळी बाग हसली. तूही हसलास. टाळीही दिलीस.

परत येताना गाडीत तू खिडकीबाहेर बघत होतास. काटोल मागे पडलं तेव्हा म्हणालास, "गोष्ट चांगली सांगितली. एक सांगायचं राहिलं तुह्यं."

"काय?"

"ते येडे नव्हते गा. वाट पाहून राहिले होते."

मी म्हणालो, "पुढच्या वेळी घालतो." किस्स्यात एक ओळ वाढवायची असल्यासारखं.

त्यानंतर तू दुकानात आला नाहीस. एक आठवडा, दोन आठवडे. मी फोन केला, वहिनी म्हणाल्या, "झोपले हायेत." पुन्हा केला, पुन्हा झोपलेला. मला वाटलं, रुसलास. देवळालीच्या वेळी दोन दिवस रुसला होतास, या वेळी जरा जास्त. मग मीही रुसलो. मी काय वाईट बोललो? सगळ्यांचीच थट्टा करतो, त्याची केली. येईल आपोआप. नंतर नंतर रुसवा गेला आणि लाज राहिली. लाज वाईट, सुधाकर. रुसलेला माणूस निदान समोर येऊन भांडतो. दुकानापासून तुझं घर अर्ध्या तासाच्या वाटेवर. आठ महिने मला तेवढा अर्धा तास ओलांडता आला नाही. रोज सकाळी ठरवायचो की आज जाऊ, आणि काय बोलायचं याची वाक्यं जुळवत बसायचो. वाक्य मनासारखं जमलं नाही की दुसऱ्या दिवसावर ढकलायचो.

प्रल्हाद कापड घ्यायला आला तेव्हा मला कळलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुले माहीत नाही? सुधाकरले ते विसरण्याचं दुखणं झालं हाय. बागेत आला होता ना, त्याच्या आधीच डॉक्टरनं सांगितलं होतं. एकट्याले बाहेर सोडत नाहीत त्याले आता." तो बोलत होता आणि मी त्याच्यासाठी मापलेलं कापड पुन्हा मापत होतो, पुन्हा मापत होतो.

म्हणजे बागेत तुला ठाऊक होतं. मी डोलत चालून दाखवत होतो तेव्हा तुला ठाऊक होतं की हे खरं होणार आहे. आणि तरी तू टाळी दिलीस.

मग मी दोनदा आलो. दोनदाच. तू पलंगाच्या कडेला बसला होतास, दाढी नीट केलेली, वहिनींचा हात असणार. मला म्हणालास, "या शेठ, बसा." मी शेठ! माझं नाव गेलं होतं, पण गावं होती. मी म्हणालो, "दमास्कस?" तू लगेच, "जाड. फुलांचं." "मोसूल?" "पातळ. बोटातून जाते." वहिनी चहा ठेवून आत गेल्या. खोलीत आपण दोघंच. मी म्हणालो असतो तर तेव्हाच. "सुध्या, त्या दिवशी चुकलं माझं." चार शब्द. पण तू छान उत्तरं देत होतास, आणि मला वाटलं, कशाला मोडता घालू? म्हणून मी पुढचं गाव विचारलं. देवळाली मात्र विचारली नाही. दुसऱ्या वेळी तू गावांनाही उत्तर दिलं नाहीस. माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून बघत राहिलास, कापड बघतात तशी.

मंगळवारी तू गेलास आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तुला अंबाझरीच्या घाटावर नेलं. तुला आपल्या नागपूरची रीत माहीत आहे. इकडे अग्नी दिला की तिकडे शोकसभा. सावली बघून माणसं उभी राहतात, कोणीतरी नावं पुकारतो, आणि एकेक जण पुढे येऊन दोन शब्द बोलतो. बाहेरगावच्या लोकांना याचं नवल वाटतं. आपल्याला वाटत नाही. घाटावर बोलण्याबद्दल माझं नाव आहे, हेही तुला ठाऊक आहे. ज्यांना मी जिवंतपणी भेटलो नाही, त्यांच्यासाठीसुद्धा मला बोलावलं जातं. तू चिडवायचास, "लोकं मरायच्या आधी तुह्यी तारीख घेऊन ठेवतात काय बे?"

तुझ्या मुलीने अग्नी दिला. तुझे प्राचार्य बोलले, एक माजी विद्यार्थी बोलला, तो नीट बोलला. मग नाव पुकारलं, "आता सरांचे बालमित्र बबनभाऊ." मी पुढे गेलो. किती वर्षं मी या कट्ट्यावर उभा राहिलो असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की खाली बसावं आणि कोणीतरी पाणी द्यावं.

पण तोंड उघडल्यावर मी मीच झालो. मी सगळं सांगितलं. बाग सांगितली, प्रजापतीनगर सांगितलं, तो शब्द सांगितला. म्हणालो, हा माणूस मला पूर्ण जगाचा नकाशा देऊन गेला आणि मी त्याला एक शिवी दिली. त्या एका शब्दानं तो दुखावला, माझ्या दुकानाची पायरी चढला नाही, आणि माझी माफी मागायची राहून गेली. ती आज तुम्हा सगळ्यांसमोर, या अग्नीसमोर मागतो. खोटं सांगणार नाही, त्या क्षणीही माझा आवाज कुठे चढतो आणि कुठे तुटतो आहे, ते मला ऐकू येत होतं. प्रल्हाद रडत होता. मागची दोन अनोळखी माणसं रुमाल काढत होती. मी हात जोडले, मान खाली घातली, आणि जेवढं थांबायला हवं तेवढं थांबलो.

वहिनी बायकांमध्ये उभ्या होत्या. इतका वेळ त्या तुझ्याकडेच बघत होत्या. माझ्या त्या थांबण्यात त्या एकदम वळल्या आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेल्या,

"शब्द गेला चुलीत, भाऊजी! रोज दुपारी शर्ट घालून दाराशी बसत होते ते, बबन येईल म्हणत. तुम्ही आले काहून नाही?"